व्हर्च्युअल मशीनला डिस्क जोडण्याची वाक्यरचना

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला डिस्कविषयी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. मशीनमध्ये चालणाऱ्या पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमला कोणते यंत्र दिसावे, ही पहिली. त्या यंत्रामागची माहिती प्रत्यक्षात कुठे आणि कोणत्या स्वरूपात ठेवली आहे, ही दुसरी. पाहुणीला दिसणारी ५०० जीबीची डिस्क यजमान संगणकावरची साधी फाइल असू शकते, खऱ्या डिस्कचा एखादा विभाग असू शकतो किंवा नेटवर्कवरच्या दुसऱ्याच सर्व्हरमधली जागा असू शकते. पाहुणीला यातले काही कळत नाही आणि कळूही नये. कमांड लिहिणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही बाजू ठाऊक असतात आणि त्या एका ओळीत नेमकेपणाने मांडाव्या लागतात. ही ओळ कशी असावी, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. क्यूएमू या मुक्त प्रणालीला त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला चौदा वर्षे लागली.

क्यूएमू फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने लिहायला घेतले आणि २००३ मध्ये ते लोकांसमोर आले. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम दाखल झाले. प्रोसेसरच्या मदतीने पाहुणीला जवळजवळ खऱ्या वेगाने चालवण्याची सोय त्यामुळे झाली आणि यंत्रांची नक्कल करण्याचे काम क्यूएमूकडे राहिले. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या बहुतेक व्यवस्थांच्या तळाशी आजही हीच जोडी असते. म्हणून या लेखातली उदाहरणे क्यूएमूची आहेत. प्रत्यक्ष कमांड रोमन लिपीत टाइप करायची असते. इथे ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहे.

सुरुवातीची वाक्यरचना अगदी सोपी होती:

-एचडीए नांदेड.रॉ -सीडीरॉम स्थापना.आयएसओ

त्या काळच्या पीसीमध्ये आयडीई पद्धतीच्या दोन वाहिन्या असत आणि प्रत्येक वाहिनीवर दोन यंत्रे बसत. एकूण जागा चार, म्हणून पर्यायही चार: एचडीए, एचडीबी, एचडीसी आणि एचडीडी. नवख्याला हे लगेच समजते, आणि हा गुण थोडा नव्हे. पण या एका शब्दात किती गोष्टी दडल्या आहेत ते पाहावे. हे यंत्र हार्ड डिस्क आहे, ते आयडीईवर आहे, पहिल्या वाहिनीवर पहिल्या जागी आहे, त्यामागे फाइल आहे आणि फाइलचे स्वरूप प्रोग्रॅमने स्वतः ओळखायचे आहे, अशी पाच विधाने त्यात गृहीत धरलेली आहेत. त्यांतले एकही बदलायला जागा नाही. सीडीरॉम हा पर्याय गुपचूप तिसरी जागा, म्हणजे एचडीसीचीच जागा घेतो. त्यामुळे दोन्ही एकत्र दिले की तक्रार येते, आणि ती का आली हे कमांडकडे पाहून उमगत नाही.

२००७-०८ च्या सुमारास व्हर्टिओ आले. खऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी पाहुणी आणि यजमान यांनी आपसांत ठरवलेल्या सोप्या, वेगवान मार्गाने बोलायचे, ही त्यामागची कल्पना. व्हर्टिओच्या डिस्कला आयडीईची वाहिनीही नाही आणि चारची मर्यादाही नाही. तिच्यासाठी अक्षरे वाढवत नेणे शक्य नव्हते. २००७ च्या अखेरीस क्यूएमूत ड्राइव्ह नावाचा नवा पर्याय आला:

-ड्राइव्ह फाइल=नांदेड.रॉ,इफ=व्हर्टिओ,कॅश=नन

नाव, बरोबरचे चिन्ह, किंमत, मग स्वल्पविराम आणि पुढचे नाव. युनिक्सच्या माउंट कमांडमुळे या शैलीचे वळण सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या हाताला आधीच लागले होते. तिचे मोल झेन या समकालीन प्रणालीशी तुलना केल्यावर कळते. झेनच्या जुन्या संरचना-फाइलमध्ये डिस्कचे वर्णन केवळ क्रमाने ओळखायचे असे: आधी मूळ जागा, मग पाहुणीला दिसणारे नाव, मग वाचन-लेखनाची परवानगी. क्रमावर आधारलेल्या रचनेत मध्येच नवी गोष्ट घालता येत नाही, आणि सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला तिसऱ्या जागचे अक्षर कशासाठी होते ते आठवत नाही. झेननेही पुढे नाव-किंमत जोड्यांची रचना स्वीकारली. फ्रीबीएसडीच्या बीहाइव्हमध्ये मात्र स्लॉटचा क्रमांक, यंत्राचा प्रकार आणि फाइल हा क्रम टिकून आहे. तिथे गोष्टी मोजक्या असल्याने तो निभावतो.

स्वल्पविराम विभाजक म्हणून निवडला की त्याची किंमतही मोजावी लागते. समजा, १९९३ च्या भूकंपाच्या नोंदी असलेल्या डिस्कच्या फाइलला कोणी ‘किल्लारी,१९९३.रॉ’ असे नाव दिले. क्यूएमू स्वल्पविरामापाशी फाइलचे नाव संपले असे समजेल आणि ‘१९९३.रॉ’ हा नवा पर्याय मानून तक्रार करेल. यावर तोडगा म्हणजे नावातला स्वल्पविराम दोनदा लिहायचा: ‘किल्लारी,,१९९३.रॉ’. माणूस हे एकदा शिकला की विसरत नाही. अडचण होते ती कमांड स्वतः तयार करणाऱ्या प्रोग्रॅमची. ज्याने स्वल्पविराम दुप्पट केला नाही, त्या प्रोग्रॅममध्ये फाइलला खोडसाळ नाव देऊन कोणीही भलता पर्याय घुसवू शकतो. अपूर्णविरामाचेही असेच. ‘उदगीर:जुने.रॉ’ असे नाव आले तर ‘उदगीर’ हे नेटवर्कवरून माहिती आणण्याच्या एखाद्या पद्धतीचे नाव असावे, असा समज होतो, कारण एनबीडीसारख्या पद्धतींचे पत्ते असेच लिहिले जात. नावाआधी बिंदू आणि तिरकी रेघ दिली की ही सामान्य फाइल आहे हे पटते. एकाच जागी कधी फाइलचे नाव, कधी पत्ता चालतो, अशी सोय दिली की हा गोंधळ अटळ असतो.

याहून कितीतरी गंभीर प्रश्न फाइलच्या स्वरूपाचा होता. क्यूएमूत दोन स्वरूपे जास्त वापरली जातात. रॉ म्हणजे डिस्कवरची प्रत्येक बाइट जशीच्या तशी. क्यूकाउ२ मध्ये सुरुवातीला एक शीर्षभाग असतो. लागेल तेवढीच जागा व्यापणे, मधल्या स्थिती जपून ठेवणे अशा सोयी त्यामुळे मिळतात. क्यूकाउ२ ची आणखी एक सोय म्हणजे आधारफाइल. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत किंवा लातूरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक लिनक्स मशीन द्यायचे आहे असे धरू. आठ जीबीच्या साठ प्रती केल्या तर ४८० जीबी जागा जाते. त्याऐवजी एकच मूळ फाइल ठेवून प्रत्येकाला तिच्यावर आधारलेली स्वतःची छोटी फाइल दिली की मूळ फाइल सर्वांची राहते आणि ज्याने जे बदलले तेवढेच त्याच्या फाइलमध्ये उतरते. साध्या साधनांच्या प्रयोगशाळेसाठी ही सोय फार मोलाची आहे. मूळ फाइल कोणती, हे छोट्या फाइलच्या शीर्षभागात लिहिलेले असते.

आता स्वरूप सांगितलेच नाही तर क्यूएमू फाइलची सुरुवात वाचून अंदाज करत असे: क्यूकाउ२ ची खूण दिसली तर क्यूकाउ२, नाही तर रॉ. रॉ फाइलची सुरुवात म्हणजे पाहुणीच्या डिस्कचा पहिला भाग, आणि तिथे काय लिहायचे हे पाहुणीच्या हातात. एखाद्या दुष्ट पाहुणीने आपल्या डिस्कच्या आरंभी क्यूकाउ२ चा बनावट शीर्षभाग लिहिला आणि आधारफाइल म्हणून यजमानाच्या पासवर्डच्या फाइलचा मार्ग दिला, तर पुढच्या वेळी मशीन सुरू होताना क्यूएमूचा अंदाज बदलतो आणि यजमानाची ती गुप्त फाइल पाहुणीला डिस्क म्हणून वाचता येते. २००८ मध्ये ही त्रुटी सीव्हीई-२००८-२००४ या क्रमांकाने नोंदली गेली. उपाय वाक्यरचनेतच होता:

-ड्राइव्ह फाइल=लातूर.रॉ,फॉरमॅट=रॉ

पण फॉरमॅट हा पर्याय ऐच्छिक राहिला, कारण तो सक्तीचा केला असता तर तोवर लिहिलेल्या असंख्य कमांड मोडल्या असत्या. पुढे २०१५ च्या २.३ आवृत्तीपासून, स्वरूप न सांगता रॉ ठरलेल्या डिस्कच्या पहिल्या भागात दुसऱ्या स्वरूपाची खूण लिहायला मनाई झाली आणि तशी सूचनाही पडद्यावर येऊ लागली. हा बंदोबस्त योग्य असला तरी त्याने दोषाची जागा बदलली, दोष गेला नाही: पाहुणीचे एखादे निरुपद्रवी लेखनही आता नाकारले जाऊ शकते, आणि ते केवळ कमांडमध्ये एक शब्द लिहायचा राहिला म्हणून. माहिती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर विश्वास नसेल, तर त्या माहितीवरून अंदाज बांधणारी वाक्यरचना मुळातच चुकीची असते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरक्षेचा हा धडा याहून स्वच्छ उदाहरणात क्वचितच मिळेल.

ड्राइव्हची दुसरी उणीव म्हणजे त्याने सगळे एकाच पोत्यात भरले. इफ, बस आणि युनिट हे पाहुणीला दिसणाऱ्या यंत्राविषयी, फाइल आणि फॉरमॅट हे माहितीच्या जागेविषयी, तर कॅश दोन्हींच्या मधोमध. कॅशची कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. तिच्या पाच किमती आहेत: राइटबॅक, राइटथ्रू, नन, डायरेक्टसिंक आणि अनसेफ. नावे स्वतंत्र वाटतात, पण ती तीन होय-नाही प्रश्नांच्या उत्तरांना दिलेली टोपणनावे आहेत. यजमानाच्या मेमरीतली कॅश टाळायची का? पाहुणीला ‘लिहून झाले’ हे माहिती कायमची उतरण्याआधी कळवायचे का? आणि ‘आत्ताच्या आत्ता पक्के लिही’ ही पाहुणीची विनंती कानाआड करायची का? तीन प्रश्नांची आठ उत्तरे होतात. नावे पाचांनाच मिळाली. त्यांतले ‘नन’ सर्वाधिक फसवे आहे. ते वाचून वाटते की कॅश मुळीच नाही, म्हणजे हे सर्वांत सुरक्षित. प्रत्यक्षात त्यात फक्त यजमानाच्या मेमरीतली कॅश टळते; लिहिलेली माहिती डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये अडकून राहू शकते, आणि पाहुणीने पक्क्या लेखनाची विनंती केल्याशिवाय तिची हमी नसते. ‘अनसेफ’मध्ये तर ती विनंतीही टाकून दिली जाते. ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्यांदा स्थापन करताना ते चालते, कारण बिघडले तर पुन्हा सुरुवात करता येते. भारनियमन सोसलेल्या मराठवाड्यात, जिथे वीज न सांगता जाऊ शकते आणि प्रत्येक संगणकामागे चांगला यूपीएस असतोच असे नाही, तिथे चालू कामाच्या मशीनला हा पर्याय देणे म्हणजे माहितीचा बळी देणे होय.

दोन बाजू वेगळ्या करण्याचे पहिले मोठे पाऊल २००९ मध्ये पडले. डिसेंबरमध्ये आलेल्या ०.१२ आवृत्तीत डिव्हाइस हा पर्याय होता. पाहुणीला दिसणारे कोणतेही यंत्र, मग ते डिस्क असो, नेटवर्क कार्ड असो वा ध्वनीचे यंत्र, आता एकाच पद्धतीने सांगता येऊ लागले. डिस्कसाठी ओळ अशी झाली:

-ड्राइव्ह इफ=नन,आयडी=साठा,फाइल=लातूर.रॉ,फॉरमॅट=रॉ -डिव्हाइस व्हर्टिओ-ब्लॉक-पीसीआय,ड्राइव्ह=साठा

पहिला भाग माहितीची जागा सांगतो आणि तिला ‘साठा’ हे नाव देतो. दुसरा यंत्र घडवतो आणि त्याला त्या नावाच्या साठ्याशी जोडतो. लातूरच्या गंजगोलाईतले दुकान आणि त्याचे गोदाम यांचे नाते असेच असते: गिऱ्हाईक दुकानाच्या फळीपाशी येते, माल गोदामात असतो, आणि गोदाम बदलले तरी दुकानाचा पत्ता बदलत नाही. मात्र या रचनेत एक ओबडधोबडपणा उरला. ‘इफ=नन’ म्हणजे ‘यंत्र बनवू नको’. जी गोष्ट मुळात व्हायलाच नको, ती होऊ नये म्हणून मुद्दाम सांगावे लागते, तेव्हा वाक्यरचना जुन्या गृहीतावर उभी आहे हे उघड होते.

विभागणी ठरली की प्रत्येक पर्याय कोणत्या बाजूचा हे ठरवावे लागते, आणि खरी कसोटी इथेच लागते. डिस्कचा अनुक्रमांक पाहुणी वाचते, म्हणून तो यंत्राचा. फाइलमध्ये लिहायला बंदी असणे हे माहितीच्या जागेचे. लेखनात चूक आली तर पाहुणीला कळवायचे की मशीन थांबवायचे, हे वरवर जागेशी निगडित वाटते, पण त्याचा परिणाम पाहुणीच्या वागण्यावर होतो, म्हणून ते यंत्राच्या बाजूला गेले. यजमानाची डिस्क भरली की मशीन थांबवून ठेवायचे, हे त्यातले नेहमीचे वर्तन. व्यवस्थापकाने जागा मोकळी केली की पाहुणीला काही झाल्याचेही कळत नाही. कॅशचे तीन प्रश्नही विभागले गेले: यजमानाची कॅश टाळणे आणि पक्क्या लेखनाची विनंती टाकून देणे हे जागेकडे, तर लेखन-कॅश चालू की बंद हे यंत्राकडे, कारण खरी डिस्कही पाहुणीला ही गोष्ट सांगत असते. पाच टोपणनावांची जागा तीन स्वच्छ होय-नाहींनी घेतली.

पूर्ण रचना एप्रिल २०१७ मध्ये, २.९ आवृत्तीतल्या ब्लॉकडेव्ह या पर्यायाने आली. तिच्यात माहितीची जागा म्हणजे एकावर एक बसवलेल्या थरांचे झाड असते आणि प्रत्येक थराला नोड म्हणतात. सर्वांत खाली फाइल, तिच्यावर क्यूकाउ२ चा अर्थ लावणारा नोड. हवा असेल तर त्यावर वेगाला मर्यादा घालणारा नोड. एरवी वेगमर्यादा हा ड्राइव्हचा आणखी एक पर्याय होता. इथे तो स्वतंत्र थर झाला आणि झाडात हव्या त्या उंचीवर बसवता येऊ लागला.

-ब्लॉकडेव्ह ड्रायव्हर=क्यूकाउ२,नोड-नेम=साठा,फाइल.ड्रायव्हर=फाइल,फाइल.फाइलनेम=नांदेड.क्यूकाउ२

यातला बिंदू महत्त्वाचा आहे. सपाट ओळीत झाड कसे लिहायचे, याचे ते उत्तर आहे: ‘फाइल.ड्रायव्हर’ म्हणजे फाइल या फांदीवरचा ड्रायव्हर. एका नोडखाली एकाच प्रकारची अनेक मुले असतील तर बिंदूनंतर शून्य, एक, दोन असे अंक येतात आणि प्रोग्रॅम त्यांची यादी समजतो. झाड खोल गेले की ही लिपी डोळ्यांना त्रास देते, म्हणून पर्यायाची किंमत महिरपी कंसाने सुरू झाली तर ती जेसन या माहिती-स्वरूपात आहे असे मानले जाते. जेसनमध्ये स्वल्पविराम दुप्पट करण्याची कटकट नाही, अंक आणि होय-नाही यांचे प्रकार वेगळे राहतात, आणि कमांड तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला तेच सोयीचे पडते. महत्त्वाची गोष्ट ही की बिंदूची लिपी आणि जेसन दोन्ही एकाच नमुन्यात उतरतात. चालू मशीनला नवी डिस्क जोडण्यासाठी क्यूएमूशी जो जेसन-संवाद होतो, त्याचाही नमुना तोच. मशीन सुरू करताना जे सांगता येते ते चालू असतानाही सांगता यावे, ही अपेक्षा आधीच्या कोणत्याही रचनेत पूर्ण होत नव्हती.

ब्लॉकडेव्हमध्ये ड्रायव्हर सांगणे सक्तीचे आहे; अंदाज नाही. अंदाजाची एक वाट तरीही उघडी होती. क्यूकाउ२ च्या शीर्षभागात आधारफाइलचे नाव असे, पण तिचे स्वरूप लिहिलेले असेलच असे नव्हते, आणि मग तिथे जुनाच प्रकार चाले. ऑगस्ट २०२१ च्या ६.१ आवृत्तीपासून आधारफाइल देऊन नवी फाइल बनवताना तिचे स्वरूपही सांगावेच लागते. त्रुटी नोंदल्यापासून तेरा वर्षांनी ती वाट बुजली.

नावांचा नियमही विचारपूर्वक केला आहे. माणसाने दिलेले नाव अक्षराने सुरू झालेच पाहिजे. पुढे अक्षरे, अंक, जोडरेघ, बिंदू आणि अधोरेघ चालतात. क्यूएमू स्वतः नाव देतो तेव्हा ते हॅश चिन्हाने सुरू होते. त्यामुळे माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव कधीच एकमेकांवर आदळत नाही, आणि त्यासाठी वेगळी तपासणीही लागत नाही.

हे सगळे हाताने लिहिणारे थोडे असतात. बहुतेक ठिकाणी मधे लिबव्हर्ट असते. २००५ मध्ये सुरू झालेली ही प्रणाली मशीनचे वर्णन एक्सएमएलमध्ये घेते आणि त्यावरून क्यूएमूची कमांड रचते. लिबव्हर्टला ड्राइव्ह सोडून ब्लॉकडेव्हकडे वळायला डिसेंबर २०१९ उजाडला, आणि तेही क्यूएमू ४.२ किंवा त्यापुढचे असेल तरच. मधली अडीच वर्षे आळसात गेली नाहीत. जुनी वाक्यरचना नावाशिवायचे अनेक नोड स्वतःच बनवत असे. नव्या रचनेत प्रत्येक नोडचा हिशेब लिबव्हर्टला स्वतः ठेवावा लागणार होता, आणि स्थिती जपणे, प्रत काढणे, एका यजमानावरून दुसऱ्यावर मशीन हलवणे ही सारी कामे त्यावर नव्याने बसवावी लागली.

व्हर्च्युअलबॉक्सने वेगळा मार्ग घेतला आहे. तिथे आधी एका कमांडने नियंत्रक तयार होतो, मग दुसऱ्या कमांडने त्या नियंत्रकाच्या ठरावीक पोर्टवर माध्यम जोडले जाते, आणि सगळे मशीनच्या जतन केलेल्या वर्णनात साठते. एकेक पाऊल तपासता येते हा त्याचा फायदा. पण मशीनचे संपूर्ण रूप एका ओळीत डोळ्यांसमोर येत नाही. शिकवण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स सोपे पडते, तर पुन्हा पुन्हा तेच मशीन उभे करायचे असेल तेव्हा क्यूएमूची एकच लांब ओळ उजवी ठरते.

जुने पर्याय क्यूएमूने टाकून दिलेले नाहीत. एचडीए आजही चालतो, आणि घरी एखादी डिस्क पटकन चालवून पाहणाऱ्यासाठी तो राहावा हेच बरे. फक्त आत तो नव्याच रचनेत रूपांतरित होतो. जे पर्याय खरोखर काढायचे असतात ते आधी कालबाह्य म्हणून जाहीर होतात, दोन आवृत्त्या सूचना देत राहतात आणि मगच जातात. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघत असल्याने वापरणाऱ्याला काही महिन्यांची मुदत मिळते. यंत्राचे वर्णन करणारा डिव्हाइस पर्याय मात्र बराच काळ सपाट जोड्यांवरच अडून होता. डिसेंबर २०२१ च्या ६.२ आवृत्तीत त्यालाही जेसन कळू लागले. त्याआधी, एप्रिल २०२० मध्ये, ५.० आवृत्तीबरोबर क्यूएमूचा स्टोरेज डीमन आला. त्यात व्हर्च्युअल मशीनच नाही: ब्लॉकडेव्हच्याच वाक्यरचनेत माहितीचे झाड सांगायचे आणि ते दुसऱ्या कोणाला उपलब्ध करून द्यायचे, हे त्याचे मुख्य काम. ड्राइव्हच्या काळातली वाक्यरचना तिथे नीट बसली नसती, कारण ती डिस्कमागे यंत्र असणारच हे गृहीत धरून बनली होती आणि यंत्र नको असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागे.